स्वस्त विम्याचे गौडबंगाल

मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली, की ‘आमच्याकडे दोन हजारांनी स्वस्त’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. ते स्वस्त कशाने झाले, हे तो सांगत नाही. आणि नवल असे, की आपणही विचारीत नाही!

विमापत्रात दोन हप्ते असतात. त्रयस्थाच्या हानीचा विमा कायद्याने सक्तीचा असून त्याचा दर केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये होते. त्यात विक्रेत्याच्या मर्जीने पैही सुटत नाही. घासाघीस चालते ती आपल्या मोटारीच्या हानीच्या हप्त्यावर. २००७ पासून हे दर कंपन्यांच्या हाती आले आहेत; तेव्हा तीन-चार ठिकाणी चौकशी करणे शहाणपणाचेच.

परंतु सर्वांत मोठी सवलत मागावी लागत नाही, ती राखावी लागते. भरपाई न मागता वर्ष गेले की या हप्त्यात २० टक्के सूट, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. ही सूट मालकाची, मोटारीची नव्हे. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर ती नव्या गाडीस लागते. पुष्कळजण ती अजाणता गमावतात. मुदत टळून ९० दिवस लोटले तरीही ती बुडते. ज्याची चार हजारांची सूट पणाला लागली आहे, त्याने दोन हजारांच्या ओरखड्यासाठी भरपाई मागणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

याउलट, गाडीचे विमामूल्य हळूच उतरवून दाखविलेली स्वस्ताई ही सवलत नव्हेच. गाडी चोरीस गेली म्हणजे ती उमगते. इंजिनाचे जादा संरक्षण वगळूनही हप्ता उतरतो. मग तुंबलेल्या रस्त्यात इंजिनात पाणी शिरले, की दुरुस्तीचा भार बहुधा मालकावरच. आणि खासगी गाडीचा विमा उतरवून ती पर्यटकांना भाड्याने देणारे आमचे काही बंधू तर हप्ता वाचवून सबंध भरपाईच धोक्यात घालतात.

नूतनीकरणाच्या सूचनापत्रावर गतवर्षीचे व यंदाचे विमामूल्य, तसेच वगळलेली संरक्षणे शेजारी-शेजारी, ग्राहकाच्या भाषेत छापण्याची सक्ती विमा नियामकाने कंपन्यांवर करावी, अशी आमची मागणी आहे.