सूक्ष्म आणि अचूक

मराठीत ‘सूक्ष्म’ आणि ‘अचूक’ हे शब्द जावा-जावांसारखे एका घरात नांदतात. एकीला मारलेल्या हाकेला दुसरीने ओ दिली, तरी कोणी मनावर घेत नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत मात्र या घोळापायी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दोन महिन्यांचा धंदा अडकून पडला होता.

पुणे-बंगळूर महामार्गालगतची ही वसाहत म्हणजे ओतकामाच्या भट्ट्या, वाळूचे साचे आणि लेथची घरघर. तिथे एका लहानशा शेडमध्ये हा गृहस्थ यंत्रांसाठी इलेक्ट्रॉनिक कार्डे बनवितो. (वर्गात मात्रा मोजताना याची हटकून एक मात्रा चुके!) कार्डातून सेकंदाला दहा लाख कंपने निघाली पाहिजेत, दहा इकडे-तिकडे चालतात. याच्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर १०,००,००० दिसे, तर गिऱ्हाइकाच्या भारी काउंटरवर ९,९९,९८८.४. सगळी कार्डे परत!

“सर, त्यांच्या यंत्रात दशांश दिसतोय, म्हणून तेच खरं, असं म्हणतात बघा.”

आता हे यंत्र करते काय? ठरावीक वेळ दार उघडते आणि आत येणारी कंपने मोजते. दार लागताना एखादे कंपन उंबऱ्यातच सापडते, म्हणून मोजणीत एकाचा फरक राहतोच. एका सेकंदाऐवजी दहा सेकंद दार उघडे ठेवा, एक दशांश स्थळ पदरात पडेल. ही झाली सूक्ष्मता. परंतु तो सेकंद खरा कशावरून? दाराची उघडझाप आतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते, आणि स्फटिकही वयाने व उष्म्याने बदलतो. तो घाईला आला की दार लवकर लागते आणि मोजणी कमी भरते. गवळ्याच्या मापाला पोचा असेल, तर त्याने थेंबही न सांडता घातलेले दूध कमी ते कमीच! शिवाय रोज तेवढेच कमी, त्यामुळे संशयही येत नाही.

खऱ्या सेकंदाची व्याख्या १९६७ साली ठरली: सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशाच घड्याळांवर भारताची प्रमाणवेळ राखते. जीपीएसच्या उपग्रहांतही अणुघड्याळे असतात. आमच्या या पठ्ठ्याने शेडच्या पत्र्यावर तळहाताएवढा अँटेना बसवून तिथला सेकंद खाली आणला होता आणि आपला साधा काउंटर त्यावर चालवीत होता. गिऱ्हाइकाचे यंत्र चार वर्षांत कोणी तपासलेच नव्हते.

शेवटी दोन्ही यंत्रे तपासणीच्या प्रयोगशाळेत नेली आणि एकाच प्रमाण उगमाला जोडली. साधे बरोबर निघाले. भारी यंत्र दहा लाखांमागे सुमारे बारा कमी मोजीत होते. दशांशाचा आकडा मात्र ऐटीत झळकत होता.

कार्डे स्वीकारली गेली. चेक दिवाळीपूर्वी मिळेल, असे तो म्हणत होता.