मुनिरक्याचा थांबा आणि प्रवाशांचे हक्क

16 डिसेंबर 2012 च्या रात्री दक्षिण दिल्लीतील मुनिरका थांब्यावर एक तरुणी व तिचा मित्र एका खासगी बसमध्ये चढले. रिक्षाचालक द्वारकेपर्यंत येण्यास तयार नव्हते. रात्री सरकारी बसचा भरवसा नव्हता. थांब्याथांब्यावर प्रवासी घेण्याचा परवाना त्या बसला नव्हता. काचांवर काळी फिल्म होती, आत पडदे होते. अशा फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 27 एप्रिलला बंदी घातली होती. थोड्याच वेळापूर्वी याच बसमध्ये एका सुताराला लुटून रस्त्यावर फेकण्यात आले होते. तरीही राजधानीच्या हमरस्त्यांवरून ती फिरत राहिली. तिला कोणीही अडविले नाही. महिपालपूरजवळ त्या दोघांना कोणत्या अवस्थेत टाकून देण्यात आले, हे देशाला ठाऊक आहे.

विनापरवाना वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 ने पोलिसांना तेव्हाही दिलेला होता. तो मालकाविरुद्ध वापरावयाचा असल्यामुळे निद्रिस्त राहतो. मजुराची पिशवी रस्त्यावर उपसताना मात्र कोणत्या कलमाखाली, हे सांगण्याचीही तसदी घेतली जात नाही! न्यायमूर्ती उषा मेहरा आयोगाने 2013 मध्ये पोलीस व परिवहन खाते यांच्यातील समन्वयाच्या अभावावर बोट ठेवले. पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाखाली, परिवहन खाते दिल्ली सरकारकडे. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

कायदा काय म्हणतो? वाहनाची कागदपत्रे दाखविण्याचे बंधन चालकावर आहे, प्रवाशावर नाही. स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घेतली पाहिजे. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे आणि अटकेचे कारण सांगितले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती व जप्तीचे चित्रण आवश्यक केले आहे. विरोधी पक्षांचे शंभरहून अधिक खासदार निलंबित असताना संमत झालेली ही संहिता एरवी पोलिसांचेच हात बळकट करते. म्हणून तिच्यातील हे एक कलम जनतेने सोडून देण्याचे कारण नाही.

पक्षशाखांनी व कामगार संघटनांनी ही कलमे छापून रिक्षातळांवर, बसथांब्यांवर, कामगार वस्त्यांत न्यावीत. नाक्यावर पहिली तपासणी मालकाच्या परवान्याची व्हावी आणि रात्रपाळीच्या श्रमिकांसाठी पुरेशा सरकारी बसगाड्या सोडाव्यात, या मागण्या एकत्रच लढवाव्या लागतील.