गोंगाट म्हणे!

“सूर नाही, शब्द नाहीत, नुसता घणाघात! हे कसले संगीत?” डेट्रॉइटच्या जेफ मिल्सची १९९२ सालची पहिली स्वतंत्र टेक्नो तबकडी, ‘वेव्हफॉर्म ट्रान्समिशन, खंड १’, ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी विचारतो, संगीताने नेहमी गोडच का बोलावे? डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. यंत्रांनी तिथल्या माणसांना राबवले आणि कारखाने बंद पडताच वाऱ्यावर सोडले. मिल्सने यंत्रालाच आपल्या ठेक्यावर राबवले! बर्लिनमध्ये एका जुन्या दुकानाच्या तळघरातील तिजोरीघरात १९९१ साली निघालेल्या ‘ट्रेझर’ क्लबच्या कंपनीने ती काढली. तिथे अंगाईगीत शोभले असते काय? माधुर्याची सक्ती ही रसिकता नव्हे, कानांचा आळस आहे. निदान पहाटे दारात लक्ष्मीबार उडवणाऱ्यांनी तरी गोंगाटाची तक्रार करू नये!