कर्जाच्या चिठ्ठीवरचं खानदान

पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात ‘क्रुसेडची दालनं’ आहेत. राजा लुई फिलिप याने ती १८४०च्या दशकात सजवली. ज्या घराण्यांचे पूर्वज सलीबी जंगांत लढले, त्यांची मानचिन्हं तिथे रंगवायची, अशी कल्पना. १०९९ साली बैतुल मुकद्दसमध्ये ज्यांनी कत्तल केली, त्यांचे वंशज म्हणवून घेणं तिकडे मानाचं होतं! ते असो. अडचण होती पुराव्याची. सहा-सातशे वर्षांपूर्वीचा कागद कुणाच्या पेटीत सापडणार?

गरज दिसली की दुकान उघडतंच. कुर्त्वा नावाच्या माणसाने आणि त्याच्या साथीदारांनी जुनी चर्मपत्रं विकायला काढली. त्यांवर मजकूर असायचा कर्जाचा : अमुक सरदाराने ११९१मध्ये अक्का इथे किंवा १२४९मध्ये दमियात इथे इटलीच्या व्यापाऱ्याकडून पैसे घेतले. सरदाराचं नाव आलं की झालं काम. घराण्यांनी पैसे मोजले, मानचिन्हं भिंतीवर चढली. पुढे १९५६ साली बोतिए या फ्रेंच अभ्यासकाने हा संग्रह बनावट असल्याचं दाखवून दिलं. मला गंमत वाटते ती याची, की पणजोबाने उसने घेतलेले पैसे आपण लपवतो. इथे उधारीची चिठ्ठी विकत घेतली गेली.

हसण्याआधी आपल्याकडेही पाहू या. याच सलीबींकडून ११८७मध्ये बैतुल मुकद्दस परत घेणारे सुलतान सलाहुद्दीन कुर्द होते. त्यांचा एक पुतण्या येमेनचा हाकिम झाला आणि ‘आम्ही मूळचे अरब, उमय्या खानदानातले’ असं सांगू लागला. सलाहुद्दीन यांचे सख्खे भाऊ अल-आदिल यांनी तो दावा साफ नाकारला. चुलत्याने पुतण्याला खोटं पाडलं, तेही खानदानाची शान वाढत असताना! अशी माणसं थोडी.

आपल्याकडे रिश्त्याची बोलणी सुरू झाली की शजरा निघतो. थेट अरबस्तानापर्यंत पोहोचलेला, फ्रेममधला. मुलगा नेक, कमावता, मुलगी शिकलेली, पण ‘त्यांचं खानदान आपल्या बरोबरीचं नाही’ म्हणून बोलणी मोडतात. त्या शजऱ्यातली मधली दहा नावं कुणी आणि कधी लिहिली, हे मात्र कुणी विचारत नाही. जरा हिशेब करा. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार. तीस पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या जागा होतात १०७ कोटी. त्यांतला एक बुजुर्ग निवडायचा आणि बाकीच्यांना विसरायचं, त्याला आपण नसब म्हणतो. शिवाय त्या यादीत बाई क्वचितच असते.

नातेवाइकांशी संबंध जोडून ठेवता येतील इतका आपला नसब शिकून घ्या, अशा आशयाची हदीस तिर्मिजीत आहे. म्हणजे उपयोग सिला-ए-रहमीसाठी. समोरच्याला कमी लेखण्यासाठी नव्हे.

या सुट्टीत गावी जाल तेव्हा वही सोबत न्या. नानीला, फुफीला विचारा : तुमच्या अम्मीचं नाव काय, माहेर कुठलं, घरात धंदा कोणता होता, कबर कुठल्या कब्रस्तानात आहे? पणजोबा बांगड्या विकायचे असं निघालं, तर तेच लिहा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख बाजूला टाका. जे कुणालाच आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा. एखाद्या लग्नात भेटलेली लांबची खाला ती भरून देईल.