हाडांच्या बँकेत तुमचं खातं

दोस्तांनो, हाड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? शाळेच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात उभा असलेला सापळा! पांढरा, कोरडा, खटखट वाजणारा. त्यामुळे आपल्याला वाटतं, हाड म्हणजे शरीरातला दगडच. एकदा तयार झालं की झालं! पण तुमच्या अंगातली हाडं चांगली जिवंत आहेत बरं का! त्यांतून रक्त वाहतं, आणि तुम्ही हे वाचत असताना त्यांच्यात कुठे तोडफोड, तर कुठे डागडुजी चालू आहे.

आधी एक सोपा प्रयोग. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन काचेच्या बरणीत ठेवा आणि ते बुडेल इतकं व्हिनेगर ओता. दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभराने हाड बाहेर काढा. चक्क वाकेल! (शाकाहारी मंडळींनी मित्राच्या घरी जाऊन पाहावं.) व्हिनेगरमधल्या आम्लाने हाडातले कॅल्शियमचे क्षार विरघळवले आणि मागे उरलं कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन. स्लॅबमध्ये लोखंडी सळया आणि काँक्रीट असतं ना, तसंच हे. कोलॅजेनच्या सळया, आणि कॅल्शियम-फॉस्फरसच्या क्षारांचं काँक्रीट. क्षार नसतील तर हाड वाकेल, कोलॅजेन नसेल तर खडूसारखं मोडेल.

हाडाचा बाहेरचा भाग घट्ट असतो, तर टोकांच्या आत स्पंजासारखी जाळी असते. म्हणून हाड मजबूत असूनही हलकं राहतं. घट्ट भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं दिसतात आणि प्रत्येक वलयसमूहाच्या मधोमध एक बारीक नळी. रक्तवाहिन्या तिच्यातून जातात. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज डॉक्टरांनी १६९१ साली आपल्या पुस्तकात हाडांतल्या अशा मार्गांचं वर्णन केलं, म्हणून तिला हॅव्हर्सची नलिका म्हणतात.

हाडात पेशींच्या दोन टोळ्या राबत असतात. एक गवंड्यांची, म्हणजे नवं हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टची. दुसरी जुनं हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्टची. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने बांधला जातो.

पण चांगलं हाड तोडायचं कशाला? एक तर जुनं, झिजलेलं हाड बदलायला. आणि दुसरं, कॅल्शियमसाठी! शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का मात्र फार मोलाचं. ते नसेल तर हृदय नीट धडधडणार नाही, स्नायू आखडतील, रक्त गोठणार नाही. म्हणून दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असावंच लागतं.

त्यावर पहारा ठेवतात गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथी. अवटू ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. यांना परावटू ग्रंथी म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम जरा कमी झालं की त्या एक संप्रेरक सोडतात. त्यामुळे हाडं तोडणारी टोळी कामाला लागते आणि हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं. मूत्रपिंडं कॅल्शियम लघवीवाटे वाया जाऊ देत नाहीत. शिवाय ती 'ड' जीवनसत्त्वाला कामाला जुंपतात आणि मग आतडी अन्नातलं जास्त कॅल्शियम शोषून घेतात. रक्तातलं प्रमाण वाढलं की पहारेकरी गप्प!

या ग्रंथी सापडल्या कशा, माहीत आहे? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली एक भारतीय गेंडा मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं शवविच्छेदन केलं, तेव्हा त्याच्या गळ्यात त्यांना ही ग्रंथी दिसली. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या तरुणाने केलं. पण त्यांचं काम काय, ते कुणालाच कळेना. त्या काळी गलगंडासाठी अवटू ग्रंथी काढली की काही रोग्यांचे हातपाय आखडत, काही जण दगावतही. अवटूबरोबर या दाण्याएवढ्या ग्रंथीही कापल्या जात होत्या! १९०९ साली मॅक्कॅलम आणि फोग्टलिन यांनी परावटू ग्रंथी काढलेल्या प्राण्यांना कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांचे झटके थांबले. म्हणजे पाहा, हाडांत कॅल्शियमचा साठा असूनही रोगी मरत, कारण तिजोरी उघडणारंच कुणी उरलं नव्हतं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. जेवणातून कॅल्शियम मिळालं नाही तर या ग्रंथी तुम्हाला विचारत बसत नाहीत, हाडांच्या खात्यातून काढून घेतात. दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. आणि या खात्यात भरणा करायचे दिवस मोजके आहेत. वयात येताना वाढीचं आणि इतर संप्रेरकं गवंड्यांना जोर देतात. विशीच्या आसपास बहुतेक साठा करून होतो. तिशीनंतर तो फारसा वाढत नाही, पुढे घटतच जातो. बायकांची पाळी थांबली की तोडणाऱ्या टोळीला आवरणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि हाडं झपाट्याने विरळ होतात. साध्या घसरण्यानेही आजीचं खुब्याचं हाड मोडतं, ते यामुळेच.

म्हणून नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दूध, ताक यांना नाक मुरडू नका. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्वचेवर ऊन पडलं की 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. आणि हाडांवर भार पडला की गवंडी जोमाने कामाला लागतात. अंतराळात वजनच जाणवत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटू शकते. तेव्हा धावा, दोरीवरच्या उड्या मारा, लंगडी खेळा. मुलींनो, तुम्ही तर मैदान मुळीच सोडू नका. साठ वर्षांनंतर उपयोगी पडणारी पुंजी आत्ताच जमते आहे!