पी हळद अन् हो गोरी

परवा शुक्रवार पेठेत मामांकडे गेलो होतो. टेबलावर हळदीच्या कॅप्सूलची बाटली दिसली. चौकशी केली तर कळलं, मधुमेहाची गोळी मामांनी दोन महिन्यांपूर्वी आपल्याच मनाने बंद केलीय. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे बघ. सिद्ध झालंय. जर्नलमध्ये आलंय!" मामी गप्पच होत्या. वाढलेल्या साखरेचा रिपोर्ट त्यांनी कपाटात ठेवला होता.

मोठ्यांशी तोंडावर भांडता येत नाही, म्हणून इथे भांडतोय.

मंडळी, हळदीशी माझं वैर नाही. सांगली आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथे हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मलाही बरं वाटलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९५ साली, जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने देऊन टाकलं होतं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. ती लढाई आपण 'आमची आजी लावायची' एवढं म्हणून जिंकलो नाही. छापील पुरावे मांडावे लागले. त्यात 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मधला १९५३ सालचा एक लेखही होता.

म्हणजे जर्नलच्या कागदाला किंमत आहे हे आपल्याला मान्य आहे. मग आता दुसरा कागद वाचा.

'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री' हे औषधांचे रेणू घडवणाऱ्यांचं नावाजलेलं नियतकालिक. तिथे आलेला लेख छापण्याआधी त्याच विषयातले दुसरे जाणकार तपासतात. हळदीतला पिवळा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. त्यावरचा एक मोठा आढावा तिथे २०१७ साली आला. कर्क्युमिनच्या १२०हून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या होत्या. पण रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही खरं औषध कोणतं नि खोटी गोळी कोणती हे ठाऊक नसताना घेतलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं त्या लेखकांनी स्वच्छ लिहिलं.

मग परीक्षानळीत ते इतकं गुणकारी का दिसतं? हळद सांडल्यावर काय होतं ते आठवा. ओटा, पदर, बोटं, सगळं पिवळं. कर्क्युमिनही तसंच. ते नाना प्रथिनांना चिकटतं, प्रकाशात स्वतःच चमकतं, आणि चाचणीच्या यंत्राला वाटतं औषध लागू पडलं! शिवाय पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात. तो अर्क दुसऱ्या काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो, हे बाटली घेताना कोण विचारतं?

या लेखावर उलट मतंही छापून आली, सगळ्या चाचण्या अशा मोडीत काढू नका म्हणून. ती जरूर यावीत. जर्नल म्हणजे काही वेद नव्हे. तिथे एकाने मांडायचं, दुसऱ्याने खोडायचं, हीच रीत. आपण मात्र त्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचलतो. पेशींवर काही दिसलं की 'विज्ञानाने सिद्ध', आणि माणसांवर दिसलं नाही की 'परदेशी कंपन्यांचा डाव'. पेटंट रद्द होताना पुरावा आपला, आणि गोळी बंद करताना पुरावा नको? असं कसं चालेल?

हळदीचा मान भाजीत आहे, लग्नाच्या हळदीत आहे, दुधातही आहे. तिला मधुमेहाच्या गोळीच्या जागी बसवणं हा तिचा मान नव्हे.

मामा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागवा, पण सोमवारी डॉक्टरांकडे चला. सोबत ती बाटलीही घेऊ. आणि मामी, तो रिपोर्ट कपाटातून काढून ठेवा.