नकलेचा खरेपणा

गोंदियाच्या एका स्नेह्यांनीं चिरंजिवांच्या हट्टास्तव आमचा सल्ला मागितला आहे : जुनी ‘चिंकारा’ रोडस्टर घ्यावी काय ? अलिबागेजवळच्या कार्लेखिंडींत बनलेली ही गाडी म्हणजे १९५७ सालच्या इंग्रजी लोटस सेव्हनची उघड प्रतिकृति. आंत मात्र अँबॅसडरमध्येंही पूर्वीं येत असलेलें इसुझूचें १.८ लिटरचें इंजिन.

बाह्यांग फायबरग्लासचें, त्यास गंज चढत नाहीं, आणि फसगत होते ती तेथेंच. खालचा नळ्यांचा सांगाडा पोलादी आहे. कोंकणची खारी हवा व गोंदियाच्या धानपट्ट्यांतील ओल त्यास सोडीत नाहीं. गाडी ठोकळ्यांवर चढवून, सांधे व बैठकीखालच्या नळ्या हातोडीनें हलकेच वाजवाव्या. नाद बद्द आला, अथवा ताज्या रंगाचा पापुद्रा सुटला, तर सौदा सोडावा; कुजका सांगाडा ऐन वेगांत दगा देतो.

राहिला अस्सलपणा. लोटसची पाटी डकविलेली असल्यास विक्रेत्याविषयीं शंकाच घ्यावी. सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं तंतोतंत जुळावा. नक्कल असणें हा दोष नव्हे. ती लपविणें हा होय. चिरंजिवांस आधीं गाडीखालीं शिरावयास सांगावें, मग चक्र हातीं द्यावें.